नवेगांव बांधचें रान आणि रसायनाची प्रश्नपत्रिका

नवेगांव बांध हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत टेकड्यांच्या कुशींत पसरलेला तो सुमारें अकरा चौरस किलोमीटरांचा तलाव, अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधल्याची पिढ्यानुपिढ्या चालत आलेली हकीकत, भोंवतालच्या ‘सातबहिणी’ टेकड्या आणि हिंवाळ्यांत दूरदेशांहून उतरणारे पक्षी यांचीं वर्णनें पुष्कळांनीं वाचलीं असतील. १९७५ सालीं येथील रानास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ सालीं नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. कै. मारुति चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी म्हणून येथें राहिले आणि त्या दिवसांविषयीं त्यांनीं लिहिलें. त्यामुळें ज्यांनीं हा तलाव डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्याहि मनांत तो आहे.

परंतु अशा रानाचा वरिष्ठ अधिकारी होतो कसा, त्यास कोणती परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेंत रासायनिक अभियांत्रिकीसारखा कारखान्यांतला विषय कोठून येऊन बसला, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी केमिकल इंजिनियर झालेली आहे आणि ‘पुढें काय?’ हा प्रश्न रोज रात्रीं पानांवर निघतो आहे, त्या घरांसाठीं हा मजकूर आहे.

मुळांत अडचण अशी आहे. इंजिनियर झालेल्या मुलानें सरकारी सेवेंत जावें असें वडील मंडळींस वाटतें, आणि त्यांस एकच मोठी परीक्षा ठाऊक असते, ती केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा. ती चार शाखांची आहे: स्थापत्य, यांत्रिक, विद्युत, आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार. रासायनिक शाखेस तींत जागाच नाहीं. नागरी सेवा परीक्षेंत, म्हणजे जिच्यांतून जिल्हाधिकारी निघतात तींत, ऐच्छिक विषय म्हणून स्थापत्य, यांत्रिक आणि विद्युत अभियांत्रिकी घेतां येते. रासायनिक घेतां येत नाहीं. नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेंत किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत चार वर्षें घासलेला विद्यार्थी या दोन दारांपुढें उभा राहतो तेव्हां त्याच्या शेजारचा यांत्रिकचा मित्र आंत जातो आणि हा बाहेर राहतो. पहिली संस्था १९४२ पासून आणि दुसरी १९३३ पासून या विषयाचीं माणसें तयार करीत आली आहे. तेव्हां विषय नवा म्हणून वगळला, असेंहि म्हणतां येत नाहीं.

एक दार मात्र उघडें आहे, आणि तें रानाकडे उघडतें. भारतीय वन सेवेच्या मुख्य परीक्षेंत चौदा ऐच्छिक विषयांपैकीं दोन निवडावे लागतात. त्या चौदांत रासायनिक अभियांत्रिकी आहे. उत्तरें वर्णनात्मक, म्हणजे वहींत हातानें लिहावयाचीं, खुणा करून चालावयाचें नाहीं. अट अशी कीं, रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी हीं दोन्ही एकत्र घेतां येत नाहींत, आणि अभियांत्रिकीच्या विषयांपैकींहि एकच घेतां येतो. म्हणजे दुसरा विषय अगदीं निराळा शोधावा लागतो. पुष्कळ उमेदवार वनशास्त्र घेतात, कांहीं भूगर्भशास्त्राकडे वळतात. आमच्या मतें रानाच्या जवळ वाढलेल्या मुलानें वनशास्त्राखेरीज दुसरा विचार करूं नये. साग, बांबू, धावडा हीं त्यास पुस्तकांत प्रथम भेटावयाचीं नसतात.

वन सेवेंत हा विषय कां, याचें उत्तर जुनें आहे. १८६४ सालीं डिट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले, तेव्हांपासून सरकारला रान हवें होतें तें रुळांखालच्या लाकडासाठीं आणि महसुलासाठीं. लाकूड टिकावें म्हणून त्यांत तेलें मुरवणें, राळ काढणें, बांबूचा लगदा करणें हीं कामें म्हणजे रसायनाचींच होत. १९०६ सालीं डेहराडूनला वनसंशोधनाची मोठी संस्था निघाली तिनें पुढें तींच हातीं घेतलीं. आजची भारतीय वन सेवा १९६६ सालची. तिच्या अधिकाऱ्याच्या मेजावर आज लाकडाच्या हिशेबापेक्षां निराळे कागद येतात: खाणीला जमीन हवी, कारखान्याला रस्ता हवा, ओढ्याच्या वरच्या अंगास गिरणी उभी राहावयाची आहे. धुराड्यांतून काय निघेल आणि तें कोठें जाऊन बसेल, हें ज्यास स्वतः मांडून पाहतां येतें, त्यास समोरच्या सल्लागारानें आणलेला जाड अहवाल डोळे मिटून मान्य करावा लागत नाहीं.

आतां परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत. पदवीधर इंजिनियरास ती देतां येते. वय एकवीस ते बत्तीस. सर्वसाधारण वर्गास सहा संधि. २०१३ पासून पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर एकच होते, ती खुणा करण्याची असते, आणि तीच सर्वांत मोठी चाळणी आहे, कारण तेथें लाखों उमेदवार असतात आणि वन सेवेच्या जागा अलीकडे दीडशेच्या आसपास. जो पार पडतो त्याची मुख्य परीक्षा सहा प्रश्नपत्रिकांची: इंग्रजीचे ३०० गुण, सामान्य ज्ञानाचे ३००, आणि दोन विषयांच्या प्रत्येकीं दोन मिळून चार पत्रिका, दर पत्रिकेस २००. एकूण लेखी १४००, मुलाखत ३००. सर्व उत्तरें इंग्रजींत.

विषयाच्या पत्रिकेंत तीन तास आणि आठ प्रश्न असतात. पांच सोडवावयाचे, त्यांतला पहिला व पांचवा सक्तीचा. प्रत्येक प्रश्न चाळीस गुणांचा. हिशेब करून पाहिला तर एका गुणास चौपन्न सेकंद येतात, आणि आठ गुणांच्या उपप्रश्नास सात मिनिटें बारा सेकंद. एवढ्या वेळांत प्रश्न समजावयाचा, आकृति काढावयाची, सूत्र कोठून आलें तें सांगावयाचें, आंकडे घालावयाचे आणि उत्तर एककासह लिहावयाचें. साधें शास्त्रीय गणकयंत्र नेतां येतें, पण तें कांहीं वाक्य लिहून देत नाहीं. ज्या पिढीनें शाळा सोडल्यावर पेन फक्त सहीपुरतें हातीं धरलें, तिच्या मनगटास तीन तास हें प्रकरण सोपें नाहीं.

अभ्यासक्रम वाचूं लागलें म्हणजे प्रथम धडकी भरते. द्रवांचा प्रवाह, उष्णतेचें व द्रव्याचें संक्रमण, ऊर्ध्वपातन, विक्रियापात्रें, ऊष्मागतिकी, यंत्रांचें नियंत्रण, कारखान्याचें अर्थशास्त्र. पहिली पत्रिका तर जवळ जवळ सर्वच गणिताची. पण दुसऱ्या पत्रिकेचा उत्तरार्ध सावकाश वाचावा. तेथें लाकूड व त्यापासून निघणारीं रसायनें आहेत, लगदा आणि कागद आहे, झाडांच्या बियांचीं तेलें आहेत, सुगंधी तेलें आहेत, काडीकचऱ्यापासून होणारा वायु आहे, मद्यार्काचें आंबवण आहे. पाण्याचें व हवेचें प्रदूषण आहे, आणि अखेरीस खुद्द वनसंवर्धनाचा कायदा आहे. ज्यानें कोणी हा अभ्यासक्रम आंखला त्याच्या डोळ्यांपुढें कारखाना होता खरा, पण त्या कारखान्याच्या खिडकींतून रान दिसत असावें.

नवेगांव बांधला बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची ही जमेची बाजू आहे, आणि ती दिल्लीच्या भाड्याच्या खोलींत मिळत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं पहांटेस मोहाचीं फुलें पडतात आणि बायामुलें टोपल्या घेऊन ती वेंचतात. त्या फुलांतील साखर आंबवून भट्टीवर जें काढतात, तें कायद्यास मान्य नसलें तरी शास्त्रदृष्ट्या साधें ऊर्ध्वपातनच आहे: वाफेंत मद्यार्काचें प्रमाण उकळत्या द्रवापेक्षां अधिक असतें, म्हणून पहिली धार कडक आणि शेवटची पाणचट. जसजसें मडकें रिकामें होतें तसतसें उरलेल्यांतील मद्यार्काचें प्रमाण कसें उतरतें, याचें समीकरण रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नांवानें पुस्तकांत असतें, आणि परीक्षेंत विचारतात. (वडील मंडळींनीं भिऊं नये, भट्टी पाहण्यास जाण्याची गरज नाहीं, ती समजली म्हणजे पुरे.) त्याच झाडाच्या बियांचें तेल घाण्यांत काढलें तर पेंडींत बरेंच राहतें, आणि द्रावकानें धुतलें तर थोडें राहतें, हा फरक कां, हें सांगणें म्हणजेच निष्कर्षणाचा प्रश्न सोडवणें. चंद्रपूर जिल्ह्यांत बल्लारपूरची कागदाची गिरणी आहे. तेथें बांबूचा लगदा करतांना जो काळा द्राव उरतो, तो जाळून त्यांतील क्षार परत कां मिळवतात, तो ओढ्यांत सोडला तर काय होईल, हा एकच प्रश्न कागद, उष्णता, पैसा आणि प्रदूषण या चार प्रकरणांना शिवून जातो.

आणि तलाव तर दारांतच आहे. भोंवतालच्या धानाच्या बांध्यांतून वाहत येणाऱ्या पाण्याबरोबर नत्र व स्फुरद येतात. पाण्यांतील वनस्पति माजतात, मरतात, कुजतात, आणि कुजतांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खाऊन टाकतात. हा प्राणवायु किती वेगानें उतरतो आणि हवेंतून किती वेगानें भरून येतो, या दोहोंच्या झटापटीचा आलेख स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२५ सालीं ओहायो नदीच्या अभ्यासावरून मांडला. पाठ करणारास ती एक वांकडी रेघ वाटते. ज्यानें तलावाच्या कांठीं उभें राहून वारा सुटलेल्या दिवशीं आणि कोंदट दिवशीं पाणी पाहिलें आहे, त्यास ती रेघ कोठें खालीं जाईल हें सांगावें लागत नाहीं.

वर्णनात्मक उत्तर म्हणजे नेमकें काय, हें घरांतल्या मंडळींस एका उदाहरणानें दाखवतों. गोंदियाचा मुलूख धानाचा. तेव्हां उदाहरणहि धानाचेंच घेऊं. एक हजार किलो उकडलेलें धान आहे, त्यांत शेंकडा पस्तीस पाणी आहे. तें वाळवून पाणी शेंकडा चौदावर आणावयाचें. किती पाणी काढावें लागेल? घरांत कोणासहि विचारा. पस्तिसांतून चौदा गेले, राहिले एकवीस, म्हणून दोनशें दहा किलो, असें उत्तर येईल. तें चूक आहे. कारण पस्तीस टक्के हे हजार किलोंचे होते, आणि चौदा टक्के हे वाळल्यानंतर उरलेल्या कमी वजनाचे आहेत. वाळवतांना बदलत नाहीं असा एकच भाग, तो म्हणजे कोरडें धान, ६५० किलो. वाळलेल्या मालांत तें शेंकडा शहाऐंशी असावयास हवें; म्हणून मालाचें वजन ६५० भागिलें ०.८६, म्हणजे सुमारें ७५६ किलो. पाणी गेलें तें २४४ किलो.

खुणेच्या परीक्षेंत २४४ वर खूण केली कीं काम संपलें. वर्णनात्मक परीक्षेंत येथून उत्तर सुरू होतें. हिशेबाचा पाया काय धरला, काय बदलत नाहीं असें मानलें, तें प्रथम लिहावयाचें. मग एक चौकोन काढून आंत येणारे व बाहेर जाणारे बाण दाखवावयाचे. मग पुढें जावयाचें: एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता लागते असें धरलें तर २४४ किलोंस जवळ जवळ ५ लाख ८६ हजार. धानाच्या तुसापासून किलोमागें १४००० किलोज्यूल मिळतात असें मानलें तर बेचाळीस किलो तूस पुरे. पण धुराड्यांतून उष्णता जाते, धान स्वतः तापतें, हवा तापते, म्हणून प्रत्यक्षांत कितीतरी अधिक लागेल. आतां वाळलेल्या ७५६ किलो धानांत पांचवा हिस्सा तूस धरलें तरी तें दीडशें किलो होतें. म्हणजे भट्टी दिलेल्या उष्णतेपैकीं तीस टक्के जरी कामास लावूं शकली, तरी वाळवणीपुरतें सरपण त्याच धानांतून निघतें आणि रानांतल्या लाकडास हात लावावा लागत नाहीं. हें शेवटचें वाक्य लिहिणारा उमेदवार वन सेवेचा. तें न लिहिणाऱ्याचें गणित बरोबर असेल, पण तें कोणत्या नोकरीसाठीं केलें तें कळत नाहीं.

या उदाहरणांतून एक गोष्ट लक्षांत आली असेल. वर्णनात्मक उत्तर म्हणजे एका अनोळखी वाचकास समजेल अशा रीतीनें केलेली मांडणी. परीक्षक विद्यार्थ्यास ओळखत नाहीं, त्याच्या डोक्यांत काय होतें तें त्यास दिसत नाहीं. कागदावर जें उतरलें तेवढेंच दिसतें. म्हणूनच या परीक्षेच्या तयारींत एकत्र कुटुंबाचा उपयोग शिकवणीच्या वर्गापेक्षां अधिक होऊं शकतो, असें आमचें मत आहे. व्याख्यानें हल्लीं इंटरनेटवर फुकट मिळतात, निरनिराळ्या आय. आय. टी. संस्थांच्या प्राध्यापकांनीं या विषयाचीं संपूर्ण व्याख्यानसत्रें तेथें ठेवलीं आहेत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगच प्रसिद्ध करतो. मॅककेब-स्मिथ, ट्रेबल, लेव्हनस्पिल हीं पुस्तकें पदवीच्या वेळचीं घरांत असतातच. मिळत नाहीं तो एकच पदार्थ: लिहिलेलें वाचणारें दुसरें माणूस.

तें माणूस रसायन जाणणारें असलें पाहिजे असें मुळींच नाहीं. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा घरांत असतील, तर त्यांच्या हातीं घड्याळ आणि उत्तराचा कागद द्यावा. त्यांस विक्रियापात्र म्हणजे काय तें ठाऊक नसेल. परंतु वाक्य पुरें झालें आहे कीं नाहीं, आकृतींतल्या प्रत्येक बाणास नांव आहे कीं नाहीं, ‘म्हणून’ या शब्दाच्या आधीं कारण आलें आहे कीं नाहीं, अखेरच्या आंकड्यापुढें किलो, मीटर, अंश असें कांहीं लिहिलें आहे कीं नुसताच आंकडा लटकतो आहे, हें सर्व त्यांस दिसतें. आणि हींच चुकण्याचीं ठिकाणें. इंग्रजीची भीति वाटत असेल तर आधीं तोच विषय आजीस मराठींत सांगावा. पाणी नळींतून संथ वाहतें आणि मग एकाएकीं खवळतें तें कां, हें स्वयंपाकघरांतल्या तोटीखालीं दाखवून जर तिला पटवतां आलें, तर रेनॉल्ड्सचा अंक इंग्रजींत लिहितांना भाषा अडत नाहीं; अडतें तें न समजलेलें. आजी मध्येंच ‘पण कां?’ म्हणून विचारते, तो प्रश्न परीक्षकाचा असतो.

आठवड्यांतून एक दिवस, सकाळीं नऊ ते बारा, पुरी प्रश्नपत्रिका लिहावी. त्या तीन तासांत दार वाजूं नये, दळण आणावयास कोणी पाठवूं नये, आलेल्या पाहुण्यांपुढें ‘हा आमचा परीक्षेला बसतो आहे’ म्हणून प्रदर्शन करूं नये. बाकीच्या दिवशीं रोज दोनच उपप्रश्न, पण पुरते लिहिलेले; मनांत सोडवलेला प्रश्न सोडवलेला धरूं नये. गणित अर्ध्यावर चुकलें तरी पायऱ्या स्वच्छ असल्या तर कोठें चुकलें तें वाचणारास दिसतें. पायऱ्या गाळल्या तर चुकीबरोबर बरोबर भागहि बुडतो. महिन्याच्या अखेरीस जुने कागद काढून पाहावे. आपलेंच अक्षर आपणांस वाचतां आलें नाहीं, तर आणखी परीक्षा घेण्याचें कारण नाहीं.

कायद्यांविषयीं एक सूचना. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. तिसरा कोठून आला तें ठाऊक असावें: १९८४ च्या डिसेंबरांत, दोन व तीन तारखांच्या मधल्या रात्रीं, भोपाळ येथें कीटकनाशकांच्या कारखान्यांतील टाकींत पाणी शिरलें, मिथिल आयसोसायनेट उसळून बाहेर पडला आणि हजारों माणसें दगावलीं. धोक्याची आगाऊ तपासणी करण्याची जी रीत अभ्यासक्रमांत आहे, तींत प्रत्येक नळीपुढें उभें राहून ‘येथें नको तें आंत आलें तर?’ असें विचारावयाचें असतें. भोपाळच्या टाकीसंबंधानें तो एक प्रश्न लिहून पाहावा. मग ती रीत पाठ करावी लागत नाहीं. वनसंवर्धनाचा कायदा १९८० चा खरा, पण २०२३ च्या दुरुस्तीनें त्यांत मोठे फरक झाले आणि त्याचें नांवहि बदललें. जुन्या टिपणांवरून लिहिणाऱ्या उमेदवारांचें येथें हटकून उघडें पडतें.

आतां एक नाजूक बाब. घरांत केमिकल इंजिनियर झालेली सून असते, आणि परीक्षेची गोष्ट निघाली कीं सर्वांचे डोळे तिच्या नवऱ्याकडे किंवा दिराकडे वळतात. वन सेवेंत स्त्रिया १९८० च्या तुकडीपासून आहेत. रानांतली नोकरी बायकांची नव्हे, हें म्हणणें आतां चार दशकांहून जुनें झालें. सुनेस अभ्यास करावयाचा असेल तर ‘कर कीं, कोण नको म्हणतो’ एवढ्यानें भागत नाहीं. सकाळचे ते तीन तास तिचे म्हणून ठरले पाहिजेत, आणि त्या वेळीं चुलीपुढें दुसरें कोणी उभें राहिलें पाहिजे. सासूबाई व जाऊबाई यांनीं आपसांत वांटणी केली तर उत्तम. नाहीं तर घरांतील पुरुषांनाहि भात लावतां येतो. आणि निवड झाली तर नेमणूक कोणत्या राज्यांत होईल हें सांगतां येत नाहीं, सेवा अखिल भारतीय आहे. ही गोष्ट अर्ज भरण्यापूर्वीं बोलून घ्यावी, निकालानंतर नव्हे.

किती वर्षें द्यावीं, हाहि प्रश्न आधींच बोलावयाचा. बाविसाव्या वर्षीं पदवी मिळालेल्यास नियमानें दहा वर्षें या परीक्षेभोंवतीं फिरतां येईल. पूर्वपरीक्षेस नुसतें बसलें तरी एक संधि खर्ची पडते, म्हणून ‘बसून तर पाहूं’ हें धोरण महाग आहे. दीडशें जागा, आणि त्यांत अनेक विषयांचे हुशार उमेदवार. बहुतेकांची निवड होत नाहीं, हें तोंडावर आणण्यास घरांतील कोणी धजत नाहीं. आमचें मत असें कीं, पुरा वेळ देऊन दोन प्रयत्न करावे. तिसरा करावयाचा तर नोकरी धरून करावा. कारखान्याची नोकरी देणारा मालक दोन वर्षांचा खंड समजून घेतो. पांच वर्षांचा खंड पाहिला कीं त्याचा आवाज बदलतो. ही मुदत वडिलांनीं रागाच्या भरांत ठरवूं नये, मुलानेंच आपल्या हातानें कागदावर लिहून घरांत ठेवावी, आणि तिची आठवण निकालाच्या दिवशीं कोणी करून देऊं नये. विवाहाचें बोलणें त्या मुदतीपर्यंत थांबवावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें. परंतु ‘अधिकारी होणार आहे’ या भरंवशावर स्थळें पाहणें वाईट, कारण मग परीक्षा एकट्याची राहत नाहीं.

राहिली चालण्याची चाचणी. नेमणुकीपूर्वीं पुरुषांस चार तासांत पंचवीस किलोमीटर आणि स्त्रियांस चार तासांत चौदा किलोमीटर चालून दाखवावें लागतें. पुरुषांचा वेग तासाला सव्वासहा किलोमीटर पडतो. तो धांवण्याचा नव्हे, पण फिरायला निघाल्याचाहि नव्हे, आणि वर्षभर खुर्चीवर बसून स्पर्धेचा अभ्यास केलेल्या माणसास तो दहाव्या किलोमीटरपर्यंतच सोपा वाटतो. राखीव रानांत पायीं हिंडण्यास मनाई असते, तेव्हां नवेगांव बांधच्या विद्यार्थ्यानें गांवची सडक धरावी, उजाडल्यावर निघावें, आणि आठवड्यांतून दोनदां दहा-बारा किलोमीटर करून महिन्यांतून एकदां पुरें अंतर घड्याळ लावून चालावें. लेखी परीक्षा साधारण नोव्हेंबरांत येते. त्यानंतर थंडीचे दोन-अडीच महिने यासाठीं मोकळे असतात. बूट जुने, पायांत मुरलेले असावेत. सोबतीस धाकटा भाऊ सायकलीवर पाण्याची बाटली घेऊन गेला तर बरें.